सायकल आणि मोटारीची धडक झाल्यावर: दोष कोणाचा हे ठरेपर्यंत पुण्यातील नवख्यांनी काय करावे

पुण्यात शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी येणाऱ्या अनेकांच्या हाती पहिल्या काही महिन्यांतच सायकल येते. कोणी वसतिगृहातून महाविद्यालयात जाण्यासाठी ती वापरतो, कोणी कार्यालयात जाण्यासाठी, तर कोणी रविवारी पहाटे खडकवासला किंवा सिंहगडाचा पायथा गाठण्यासाठी. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात आज रस्त्याचा बहुतेक भाग दुचाकी, रिक्षा, पीएमपीच्या बस आणि मोटारी यांनी व्यापलेला असतो. सायकल मार्ग जेथे आखलेले आहेत तेथेही ते पुष्कळदा उभ्या वाहनांनी अडलेले दिसतात. अशा रस्त्यावर धडक झाली की जखमेच्या पाठोपाठ वाद उभा राहतो, आणि नव्या माणसाला या शहरातले पोलीस ठाणे, रुग्णालय किंवा न्यायालय यांपैकी काहीच ठाऊक नसते. हा लेख प्रामुख्याने अशा सायकलस्वारासाठी आहे, परंतु मोटारचालकाने काय करावे हेही त्यात सांगितले आहे, कारण घाबरलेल्या चालकाची पहिली चूक दोन्ही पक्षांना महागात पडते.

आधी दोन समजुती बाजूला ठेवू. पहिली समजूत अशी की मोठ्या वाहनाचीच चूक धरली जाते. दुसरी अशी की सायकलस्वाराकडे परवाना नाही आणि विमाही नाही, म्हणून त्याला बोलण्याचा अधिकार नाही. या दोन्हींना कायद्यात आधार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये पूर्ण भरपाई मागणाऱ्याला समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, मग त्याचे वाहन लहान असो वा मोठे. सायकल ही त्या कायद्यानुसार मोटार वाहन नाही, त्यामुळे तिला परवाना, नोंदणी किंवा विमा लागतच नाही, आणि त्यांच्या अभावाचा दोषाशी काही संबंध नाही. विजेवर चालणाऱ्या सायकलीबाबत मात्र थोडे सावध राहावे. जिची शक्ती पाव किलोवॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, तीच नियमांनुसार मोटार वाहनाच्या व्याख्येबाहेर राहते. दुकानदाराने वेग वाढवून दिलेली सायकल अपघातानंतर विनानोंदणी, विनाविमा वाहन ठरू शकते.

दोष कोणाचा, हे भर चौकात ठरत नाही. ते पहिल्या एकदोन दिवसांत तयार झालेल्या कागदांवरून ठरते, आणि म्हणून खालील क्रमातील पहिल्या तीन पायऱ्यांना मी सर्वाधिक महत्त्व देतो.

पहिली पायरी: रस्त्यावर

जखमीला सुरक्षित बाजूला घ्यावे आणि १०८ वर रुग्णवाहिकेसाठी किंवा ११२ वर पोलिसांसाठी दूरध्वनी करावा. मदतीला धावणाऱ्याने पोलिसांच्या चौकशीची धास्ती घेऊ नये, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार मोटार अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचार मिळू शकतात. सायकलस्वाराला मोटार वाहनाची धडक बसली असेल तर तोही या योजनेत येतो. पैसे नाहीत म्हणून उपचार लांबवू नयेत.

वाहने हलवण्यापूर्वी, रहदारीला धोका नसेल तर, छायाचित्रे घ्यावीत. बहुतेक लोक मोडलेल्या सायकलीचे आणि रक्ताळलेल्या गुडघ्याचे जवळून छायाचित्र घेतात, पण पुढे उपयोगी पडते ते लांबून घेतलेले छायाचित्र, ज्यात दोन्ही वाहनांची जागा, रस्त्याची कडा, दुभाजक, जवळच्या दुकानाची पाटी आणि सिग्नलचा खांब एकत्र दिसतात. त्यानंतर वाहनाचा क्रमांक, काचेचे तुकडे, रस्त्यावरील घासल्याच्या खुणा आणि मोटारीवर जेथे ओरखडा उठला आहे तो भाग टिपावा. चालकाचे नाव आणि परवाना, तसेच शक्य असल्यास विम्याच्या कागदाचे छायाचित्र घ्यावे. तो देत नसेल तर वाद घालत बसू नये, कारण क्रमांकावरून पोलीस मालक शोधू शकतात, आणि चालक कोण होता हे सांगणे कलम १३३ नुसार मालकाला बंधनकारक आहे. दोन साक्षीदारांची नावे व दूरध्वनी क्रमांक मात्र तेथल्या तेथे घ्यावेत. पाणीपुरीची गाडी लावणारा, रिक्षा थांब्यावरचा चालक, इमारतीचा सुरक्षारक्षक अशी रोज त्याच जागी असणारी माणसे पुढे सापडतात. गाडी थांबवून हळहळणारा वाटसरू सहसा पुन्हा सापडत नाही.

गर्दी जमली की कोणीतरी "पाचशे रुपये द्या आणि मिटवून टाका" असे म्हणतो. ते स्वीकारण्याची घाई करू नये आणि "मला काही झालेले नाही" असेही म्हणू नये. धक्क्याच्या भरात वेदना कळत नाहीत, आणि डोक्याला लागलेल्या माराची लक्षणे कधी कधी काही तासांनी दिसू लागतात. "चूक माझीच होती" किंवा "तुमचीच होती" ही वाक्येही तेथे उच्चारू नयेत, कारण पडलेल्या माणसाला संपूर्ण घटना क्वचितच दिसलेली असते.

दुसरी पायरी: रुग्णालय

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या पायरीची, कारण येथे झालेली एका ओळीची चूक पुढे अनेक वर्षे पाठ सोडत नाही. डॉक्टर केस पेपरवर "कसे लागले" याची नोंद करतात. जखमी किंवा त्याचा मित्र घाईत "सायकलवरून पडलो" असे सांगतो आणि तेवढेच लिहिले जाते. पुढे भरपाईचा दावा दाखल झाला की विमा कंपनीचा वकील प्रथम हाच कागद मागवतो आणि म्हणतो की येथे कोणत्याही मोटारीचा उल्लेख नाही, हा माणूस स्वतःच पडला आणि नंतर कोणाचा तरी क्रमांक जोडला गेला. म्हणून डॉक्टरांना पूर्ण वाक्य सांगावे: अमुक रस्त्यावर, अमुक वाजता, अमुक क्रमांकाच्या किंवा अमुक रंगाच्या मोटारीने मागून अथवा बाजूने धडक दिली. आपण जे सांगितले तेच लिहिले गेले आहे का, हे तेथेच वाचून पाहावे. चुकीचे लिहिले असेल तर त्याच दिवशी दुरुस्ती मागावी.

अपघाताच्या प्रकरणात रुग्णालयाने वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली "एमएलसी", करून पोलिसांना कळवणे अपेक्षित असते. ससूनसारख्या शासकीय रुग्णालयात ही पद्धत ठरलेली आहे, पण लहान खासगी दवाखान्यात ती राहून जाऊ शकते, म्हणून स्वतः विचारावे. क्ष-किरण तपासणीचा अहवाल, औषधांची बिले, फिजिओथेरपीच्या पावत्या आणि डॉक्टरांनी दिलेला विश्रांतीचा सल्ला हे सर्व मूळ कागद जपून ठेवावेत. हाड मोडले आहे की नाही, हा प्रश्न केवळ वैद्यकीय नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे ही गंभीर दुखापत ठरते, आणि गुन्ह्याचे कलम व भरपाईचा मार्ग दोन्ही त्यावरून बदलतात.

तिसरी पायरी: पोलीस ठाणे

नव्या माणसाचा पहिला गोंधळ हद्दीचा असतो. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण ही तीन वेगवेगळी पोलीस दले आहेत. पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र आयुक्तालय २०१८ मध्ये सुरू झाले. सिंहगडाकडे किंवा लोणावळ्याकडे सायकलने जाणारा एका सकाळीच दोन हद्दी ओलांडतो. तथापि, "ही आमची हद्द नाही" एवढ्यावर परत फिरण्याची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि ते ठाणे ती योग्य ठिकाणी पाठवते. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र मग तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते.

दुसरा गोंधळ "एनसी" चा. ठाणे अंमलदार किरकोळ प्रकरण समजून अदखलपात्र नोंद करून एक चिठ्ठी हातात देऊ शकतो. अशा नोंदीवर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही, पंचनामा होत नाही आणि वाहनाची तपासणीही होत नाही. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवणे (न्याय संहितेचे कलम २८१) आणि निष्काळजी कृत्याने दुखापत करणे (कलम १२५) हे दोन्ही दखलपात्र गुन्हे आहेत, म्हणून दुखापत झाली असेल तर रीतसर गुन्हा नोंदवण्याची विनंती नम्रपणे, पण ठामपणे करावी. तरीही नकार मिळाला तर तक्रार लेखी स्वरूपात परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे, आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. त्यानेही काम झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. प्रथम खबरी अहवालाची एक प्रत फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय निघू नये.

येथे सायकलस्वारानेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कलम २८१ मध्ये केवळ मोटारीचा नव्हे, तर कोणत्याही वाहनाचा उल्लेख आहे. सिग्नल तोडून आडवे गेलेल्या सायकलस्वारामुळे एखादा दुचाकीस्वार पडला आणि जखमी झाला, तर गुन्हा सायकलस्वारावरही नोंदवला जाऊ शकतो.

जबाब देताना घटना क्रमाने सांगावी: मी कोणत्या दिशेने जात होतो, रस्त्याच्या कोणत्या भागात होतो, वळण्यापूर्वी हात दाखवला होता का, सिग्नल कोणता होता, धडक सायकलीच्या कोणत्या भागाला बसली. जे पाहिले नाही ते अंदाजाने भरू नये. मोटारीचा वेग किती होता हे खरोखर कळले नसेल तर "मागून आल्यामुळे वेग सांगता येणार नाही" असे सरळ सांगावे, कारण छातीठोकपणे सांगितलेला आकडा उलटतपासणीत चुकीचा निघाला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. मराठी वाचता येत नसलेल्या मित्राबरोबर आपण गेला असाल तर लिहिलेला मजकूर त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावा.

घटनास्थळाचा पंचनामा होताना शक्य असेल तर स्वतः किंवा घरच्या कोणाला तरी हजर ठेवावे. नकाशात रस्त्याची रुंदी, धडकेची जागा कडेपासून किती अंतरावर आहे, खड्डा किंवा उभे वाहन होते का आणि दिव्याचा उजेड कसा होता, या गोष्टी आल्या आहेत का ते पाहावे. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत मोटार अपघातातील भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाला पाठवावा, अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांत आहे. त्याची प्रत जखमी व्यक्तीलाही मिळते. सविस्तर अहवालासाठी ९० दिवसांची मुदत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीची अंमलबजावणी करण्याचे निर्देश देशभरातील पोलिसांना दिले. तपास अधिकाऱ्याला या अहवालांबद्दल विचारणे हा आपला हक्क आहे, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

चौथी पायरी: पुरावा विरून जाण्याआधी

दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांतील चित्रण ठराविक काळाने आपोआप पुसले जाते. म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दुकानदाराला ते जपून ठेवण्याची विनंती करावी आणि तपास अधिकाऱ्याला कॅमेऱ्याची जागा व वेळ लिहून अर्ज द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. न्यायालयात अशा चित्रणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते, त्यामुळे मोबाइलवर फिरत आलेल्या तुकड्यावर विसंबू नये. सायकलवरच्या घड्याळात किंवा ॲपमध्ये फेरीची नोंद होत असेल तर ती पुसू नये. त्यातून वेग, मार्ग आणि नेमकी वेळ दिसते. ती नोंद आपल्या विरुद्धही जाऊ शकते हे खरे, पण खरी असेल तर ती असलेलीच बरी.

सायकल लगेच दुरुस्तीला टाकू नये. मागचे चाक वाकले असेल तर धडक मागून बसली असावी. पेडल, हँडलचे टोक आणि चौकटीची एकच बाजू खरवडली असेल तर वाहन घासून गेले असावे. पुढचा चिमटा आत दबला असेल तर सायकलच कशावर तरी आदळली, असा निष्कर्ष समोरचा पक्ष काढील. मोटारीवरील ओरखड्याची उंची आणि सायकलीच्या हँडलची उंची जुळते का, हे साधे माप पुष्कळ वेळा दोन तोंडी कहाण्यांमधला वाद मिटवते. पंचनामा आणि छायाचित्रे झाल्यानंतर दुरुस्तीचे लेखी अंदाजपत्रक व सायकल खरेदीची पावती ठेवावी. सायकलीचे नुकसानही त्रयस्थ पक्षाच्या मालमत्तेचे नुकसान म्हणून मागता येते.

पाचवी पायरी: दोषाची विभागणी समजून घेणे

आता प्रत्यक्ष वाद. न्यायाधिकरण एक प्रश्न विचारते: त्या जागी, त्या क्षणी सावध माणसाने जे केले असते ते कोणी केले नाही, आणि त्यामुळेच धडक झाली का? या प्रश्नाचा दुसरा भाग लोक विसरतात. नियम मोडला एवढे पुरेसे नाही, मोडलेल्या नियमाचा धडकेशी संबंध असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोटारसायकलवर तिघे बसल्याच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले: तिघे बसणे हे नियमाचे उल्लंघन असले, तरी त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली असे दिसल्याशिवाय मृताचा वाटा धरून भरपाई कापता येणार नाही.

हा विचार सायकलीला लावून पाहा. "हेल्मेट नव्हते" हा आक्षेप हमखास येतो. मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटची सक्ती मोटारसायकलस्वारांसाठी आहे, सायकलस्वारांसाठी नाही. शिवाय मोडले असेल पायाचे हाड, तर हेल्मेटचा प्रश्न उरतोच कोठे? याउलट, रात्री मागे लाल दिवा किंवा परावर्तक नसणे हा आक्षेप गंभीर आहे, कारण दिसण्याचा आणि न दिसण्याचा धडकेशी थेट संबंध असतो. मी प्रत्येक नव्या सायकलस्वाराला हेल्मेट घ्याच असे सांगतो, पण वादाच्या दृष्टीने मागचा दिवा त्याहून अधिक कामाचा आहे.

आता काही प्रसंग पाहू. जंगली महाराज रस्त्यावर डाव्या कडेने सरळ जाणाऱ्या सायकलीला मोटार ओलांडून पुढे जाते आणि लगेच डावीकडच्या गल्लीत वळते. सायकल तिच्या डाव्या बाजूवर आदळते. चालक म्हणतो, "मी पुढे होतो, तोच येऊन धडकला." आदळली सायकल हे खरे असले तरी वाट अडवली मोटारीने. ओलांडताना आणि वळताना मागच्याची वाट मोकळी आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी वळणाऱ्यावर असते. परंतु मोटार आधीच सिग्नलला डावा दिवा लावून उभी असेल आणि सायकल तिच्या व पदपथाच्या मधल्या फटीतून पुढे घुसली असेल, तर चित्र पालटते आणि दोषाचा मोठा वाटा सायकलस्वाराकडे येऊ शकतो.

लक्ष्मी रस्त्यासारख्या दाटीच्या ठिकाणी कडेला उभ्या मोटारीचे दार अचानक उघडते आणि सायकलस्वार त्यावर आदळतो किंवा ते चुकवताना मागच्या बसखाली येण्याची वेळ येते. मोटार उभी होती म्हणून हा मोटार अपघात नाही, असा बचाव टिकणे कठीण आहे. वाहनाच्या "वापरात" ते उभे असतानाचा काळही येऊ शकतो, असा व्यापक अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच लावला आहे. दार कोणी उघडले, चालकाने की मागच्या प्रवाशाने, हे मात्र जबाबात स्पष्ट यावे.

फर्ग्युसन रस्ता एकेरी आहे. त्यावर थोडे अंतर वाचवण्यासाठी उलट दिशेने येणाऱ्या सायकलस्वाराला गल्लीतून बाहेर पडणारी दुचाकी धडकली, तर दुचाकीस्वाराने त्या बाजूला पाहण्याची अपेक्षा कमी असते, म्हणून येथे उलट दिशेचा संबंध थेट आहे. तरीही दुचाकी अतिवेगात होती असे चित्रणात दिसले तर दोष वाटला जाईल, पूर्णपणे एकाच्या माथी बसणार नाही.

खड्डा चुकवण्यासाठी सायकल उजवीकडे वळली आणि मागच्या वाहनाने उडवले, असे पावसाळ्यात घडू शकते. मागच्या वाहनाने सुरक्षित अंतर ठेवायचे असते, आणि सायकलस्वार खड्डा चुकवणार हे सहज ओळखता येण्यासारखे आहे. खड्ड्याचे माप व छायाचित्र घ्यावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे व उघड्या चेंबरमुळे झालेल्या मृत्यूसाठी सहा लाख रुपये आणि दुखापतीसाठी तिच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश रस्त्याची देखभाल करणाऱ्या संस्थांना दिले. त्यामुळे अशा अपघातात जबाबदार पक्ष दोनच असतील असे धरू नये.

विभागणीचा परिणाम पैशांत कसा दिसतो ते पाहा. समजा एकूण भरपाई आठ लाख रुपये ठरली आणि सायकलस्वाराचा वाटा २० टक्के धरला, तर हाती सहा लाख चाळीस हजार येतात. सायकलस्वाराची थोडी चूक असल्याने दावा बुडत नाही, तो तेवढ्या प्रमाणात घटतो. लहान मुलाकडून प्रौढाइतक्या सावधपणाची अपेक्षा धरली जात नाही, म्हणून शाळकरी सायकलस्वाराच्या बाबतीत हा वाटा लावताना न्यायालये अधिक सांभाळून चालतात. आणखी एक गोष्ट: फौजदारी खटल्यात गुन्हा संशयातीत सिद्ध व्हावा लागतो, तर न्यायाधिकरणात शक्यतेचे पारडे कोणाकडे झुकते एवढेच पाहिले जाते. चालक फौजदारी खटल्यातून सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप फेटाळला जात नाही.

सहावी पायरी: भरपाईचा मार्ग निवडणे

फक्त सायकल मोडली असेल किंवा खरचटले असेल, तर आपसांतील समझोता हाच शहाणपणाचा मार्ग आहे. तो लेखी करावा, त्यात तारीख, जागा, वाहन क्रमांक आणि रक्कम कशासाठी दिली ते लिहावे, आणि पैसे बँकेमार्फत घ्यावेत. "यापुढे कोणतीही मागणी नाही" या वाक्यावर उपचार पूर्ण होईपर्यंत सही करू नये.

गंभीर दुखापत किंवा मृत्यू असेल तर दोन दारे आहेत, आणि त्यांतील फरक न समजल्याने लोक नुकसान करून घेतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार निष्काळजीपणा सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठराविक भरपाई मिळते. कलम १६६ नुसार निष्काळजीपणा दाखवून प्रत्यक्ष नुकसानीची पूर्ण भरपाई मागता येते. विमा कंपनीकडून कलम १४९ मधील तडजोडीच्या पद्धतीने कलम १६४ ची रक्कम स्वीकारली, तर न्यायाधिकरणातील दावा संपुष्टात येतो. म्हणून कंपनीचा अधिकारी अडीच लाखांचा प्रस्ताव घेऊन आला, तर आयुष्यभराचे अपंगत्व आहे की नाही हे डॉक्टरांकडून कळेपर्यंत थांबावे.

रक्कम कशी मोजतात याचा अंदाज असावा. चोवीस वर्षांच्या, वर्षाला तीन लाख मिळवणाऱ्या तरुणाची कमाईची क्षमता १० टक्के घटली, तर वर्षाचे नुकसान ३० हजार, आणि २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातील कोष्टकानुसार त्या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणतात तो आकडा, १८, म्हणून एकूण पाच लाख चाळीस हजार. भविष्यातील वाढ, उपचारखर्च, बुडालेला पगार आणि वेदनांची भरपाई यांचा हिशोब वेगळा. येथे अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का जसाच्या तसा धरला जात नाही, तर त्याचा त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते पाहतात. घरोघरी पार्सल पोहोचवणाऱ्याचा गुडघा आणि संगणकासमोर बसणाऱ्याचा गुडघा यांचे मोल त्यामुळे वेगळे ठरते. स्वतःच्या मेडिक्लेममधून बिले भागली असली तरी ती रक्कम भरपाईतून वजा होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये दिला आहे.

दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे, परंतु त्यावर विसंबून थांबू नये. पुण्यातील न्यायाधिकरण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. मात्र दावा अपघाताच्या जागी, स्वतःच्या राहत्या गावी किंवा प्रतिवादी राहतो तेथे, यांपैकी कोठेही दाखल करता येतो. उपचारासाठी लातूरला किंवा नांदेडला परतलेल्या विद्यार्थ्याने प्रत्येक तारखेला पुण्यात येण्याची आवश्यकता नाही. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो.

वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची योजना आहे. तिचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार पातळीवरील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करतात. त्यासाठीही पोलिसांतील नोंद लागतेच.

मोटारचालकासाठी

थांबावे, जखमीला उपचार मिळतील हे पाहावे, चोवीस तासांत पोलिसांना आणि शक्य तितक्या लवकर विमा कंपनीला कळवावे. कलम १३४ नुसार हे कर्तव्यच आहे. जमावाची भीती वाटत असेल तर थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जावे, घरी जाऊ नये. उपचारासाठी माणुसकीने दिलेले पैसे म्हणजे दोषाची कबुली नव्हे, पण ते कशासाठी दिले याची नोंद ठेवावी. विमा कंपनीला न विचारता मोठ्या रकमेचे लेखी आश्वासन देऊ नये, कारण पॉलिसीच्या अटी त्याला सहसा मनाई करतात. चूक सायकलस्वाराची असून आपल्या मोटारीचे नुकसान झाले असेल, तर सर्वसमावेशक पॉलिसीतून दुरुस्ती करून घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. सायकलस्वाराविरुद्धची मागणी न्यायाधिकरणात नव्हे, दिवाणी न्यायालयात न्यावी लागते. गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती होती असे निघाले, तर कलम १९९अ नुसार पालक किंवा मालक स्वतः आरोपी होतो, आणि विम्याचा आधारही डळमळीत होतो.

निकालानंतर

दावा लोकअदालतीत तडजोडीने मिटू शकतो. वैद्यकीय स्थिती स्थिरावली असेल आणि देऊ केलेली रक्कम वरील हिशोबाच्या जवळ असेल, तर तो पर्याय गंभीरपणे विचारात घ्यावा, कारण वर्षे वाचतात. न्यायाधिकरणाचा निवाडा झाल्यास रक्कम ३० दिवसांत जमा करावयाची असते. निवाडा मान्य नसल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, मात्र वादातील रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर अपील होत नाही. विमा कंपनीने अपील केले आहे का, रक्कम न्यायाधिकरणात जमा झाली का, आणि आपल्या बँक खात्याचा तपशील प्रकरणात योग्य नोंदला आहे का, ही चौकशी वकिलांकडे स्वतः करावी आणि रक्कम खात्यात येईपर्यंत मूळ कागदांची फाइल कोणाच्याही हवाली करू नये.